मेंटर बदलला

पहिल्याच दिवशी ती चुकीच्या खोलीत शिरली आणि दार मागून बंद झालं. आत दमट उकाडा, भिंतींना लागून जाळीचे पिंजरे, आणि पिंजऱ्यांत डासच डास. ती दाराकडे मागे सरली.

"घाबरू नका," पिंजऱ्यांमागून आवाज आला. "इथले सगळे नर आहेत. नर चावत नाहीत."

"कशावरून नर?"

"मिशा बघा ना, केवढ्या झुपकेदार."

चष्मेवाला एक तरुण पुढे आला. तिने त्याच्याकडे नीट पाहिलं. "मिशा तर तुम्हालाही आहेत."

"म्हणून तर... मीही चावत नाही."

ती हसली, आणि त्याच्या ओळखपत्रावरचं नाव वाचून तिने लगेच ओढणी सावरली. हाच तिचा मेंटर होता. ज्यांच्या घरातलं आजवर कुणी कॉलेजात गेलं नाही, अशा मुलांसाठी त्या प्रयोगशाळेने इंटर्नशिप ठेवली होती. शेवटी मेंटर अहवाल देणार, त्यावर संशोधनाची जागा ठरणार. नाही मिळाली तर घरी परत. काकांनी स्थळ बघून ठेवलंच होतं.

पिपेटने अळ्या उचलताना तिचा हात कापायचा. तो म्हणायचा, "बाईसाहेब, अळी तुम्हाला घाबरते, तुम्ही तिला. एकीने तरी धीर धरा." पण ती अळी उचलायची तेव्हा श्वास तोच रोखून धरायचा. ते तिच्या लक्षात आलं होतं. कधी कोपराला कोपर लागायचं, आणि दोघंही उगाचच दूर सरायची...

मग एक दिवस सगळ्या मेंटरांचं प्रशिक्षण झालं. वेगळ्या घरांतून आलेल्या मुलांशी कसं वागावं, याचं. तिथून तो आला तो मुका होऊनच. थट्टा नाही, बाईसाहेब नाही, नजरसुद्धा चुकवायचा. आपल्याबद्दल तिथे काहीतरी बोलणं झालं असणार, असं तिच्या मनाने घेतलं.

आठवड्याभरात ऑफिसातल्या बाईंनी सांगितलं, "तुझा मेंटर बदललाय गं. त्यांनीच मागून घेतलं."

ती तडक डासांच्या खोलीत आली. तो पिंजऱ्यांवर साखरपाण्याचे बोळे ठेवत होता.

"माझं काय चुकलं, सर?"

"काहीच नाही."

"मग मला टाकलंत का?"

त्याच्या हातातला बोळा गळायला लागला. "प्रशिक्षणात विचारलं होतं, तुमची विद्यार्थिनी तुम्हाला कशाकशाला नाही म्हणू शकते? मला एकही गोष्ट सांगता आली नाही." तो थांबला. "आणि मला तर तुम्हाला... विचारायचं होतं काही. अहवाल माझ्या हातात असताना कसं विचारू? आता तो तुमच्या नव्या मेंटर मॅडम लिहितील. तुम्ही नाही म्हणालात तरी तुमचं काही बिघडणार नाही."

"विचारा."

"मला तुम्ही आवडता. फार. मी... तुम्हाला आवडतो का?"

तिने त्याच्या हातातला गळका बोळा घेऊन पिंजऱ्यावर ठेवला.

"लोक म्हणतील, हिला जागा याच्यामुळे मिळाली," ती म्हणाली.

"म्हणतील."

"मला त्याचीच भीती वाटते."

"मलाही."

"मग... नाही."

त्याने मान हलवली. चेहरा उतरला, पण आवाज चढला नाही. "बरं. मॅडम चांगल्या आहेत. मनगट टेकवून पिपेट धरा, म्हणजे हात कापणार नाही."

ती तिथेच उभी राहिली. आपल्यापेक्षा मोठ्या माणसाला ती आयुष्यात पहिल्यांदा नाही म्हणाली होती, आणि छत जागच्या जागी होतं.

"तुम्ही रागावला नाहीत," ती म्हणाली.

"वाईट वाटलं. राग कशाला?"

"मग थांबा जरा. जाऊ नका." तिने फोन काढला. "आता त्या स्थळासाठी काकांनाही नाही म्हणून बघते. ते मात्र रागावतील."

"आणि माझं?"

"तुमचं उत्तर... मी घाईत दिलं."

पलीकडे घंटी वाजू लागली. मोकळ्या हाताने तिने त्याची बाही घट्ट धरली.

"काका," ती म्हणाली, "मी बोलतेय."