वळणावर बस थांबते

"शेवटचा थांबा," तो म्हणाला.

तिकिटाच्या मशीनवर तिचं बोट थबकलं. दुपारच्या बसने शेवटच्या थांब्यापर्यंत सहसा कुणी जात नसे. तिथे होतं तरी काय? एक खांब, खांबाशी एक दगड आणि बस वळवण्यापुरती मोकळी जागा.

"कुणाकडे जायचंय?"

"कुणाकडे नाही. जाऊन… परत यायचंय."

"याच बसने?"

"हो. चालेल ना?"

न चालायला काय झालं! तिने तिकीट त्याच्या हातावर ठेवलं. तो सगळ्यात मागे, खिडकीशी जाऊन बसला. चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला आणि तिच्याकडे पाहिलं. तीही पाहतेय हे लक्षात येताच घाईघाईने बाहेर बघू लागला. बाहेर तर डेपोची नुसती भिंत होती.

डेपोत तिला सगळे शिट्टी म्हणत. एकदा घंटीची दोरी तुटली, तेव्हा तोंडाने शिट्ट्या मारत तिने अख्खी फेरी पार पाडली होती. तेव्हापासून हेच नाव चिकटलं. ड्रायव्हर मामा मात्र तिला 'पोरी' म्हणत. ती पुढे जाऊन त्यांच्या कानाशी वाकली.

"मामा, आरशात बघा. मागचा."

मामांनी पाहिलं. "चष्मेवाला? साळसूद दिसतोय."

"म्हणूनच सांगतेय."

"चेकर?"

"साध्या कपड्यातला. नाहीतर काय, खांबाला भेटायला चाललाय?"

मामांनी गिअर बदलला आणि आवाज खाली आणला. "तुझं आज काही…?"

"नाही. अजून अवकाश आहे."

"मग आज इंजिन तापणार नाही," मामा म्हणाले.

हे इंजिन तापणं म्हणजे त्या दोघांचं गुपित होतं. मार्ग लांबचा. एका टोकाला डेपो, दुसऱ्या टोकाला तो खांब. मध्ये कुठेही संडास नाही, बंद होणारं दार नाही. पुरुष झाडाआड जाऊन येत. बायका सकाळपासून पाणीच पीत नसत. पाळीच्या दिवसांत तर सकाळचं पॅड संध्याकाळी डेपोत परतल्यावरच बदलायचं. शिट्टीची एक जुनी सहकारी, जिला सगळ्या थोरली म्हणत, असंच करता करता लघवीच्या जंतुसंसर्गाने तापली आणि दवाखान्यात पडली. परत आली तेव्हा तिला कोपऱ्यातल्या टेबलावर बसवलं आणि साहेब म्हणाले, "हे काम बायकांना झेपतच नाही."

त्यानंतर शिट्टीने वाटेतल्या वळणावरच्या शिवणवाल्या मावशींशी ओळख काढली. त्या दिवसांत मामा तिथे बस उभी करत, बॉनेट उघडत आणि प्रवाशांना ऐकू जाईल असं म्हणत, "रेडिएटर तापलाय, थोडं थांबावं लागेल." तेवढ्यात ती मावशींच्या घरच्या संडासात जाऊन येई. पुढे त्या मार्गावरच्या इतर कंडक्टर बायकाही तेच करू लागल्या.

पण वेळापत्रकात नसलेल्या जागी बस थांबवली, आणि तीही खोटं कारण सांगून, हे उघड झालं तर निलंबन ठरलेलं. मामांची निवृत्ती तोंडावर आलेली. आणि मावशींचं दार बंद झालं, तर एकटीचं नाही, सगळ्यांचंच बंद होणार होतं.

म्हणून मागच्या बाकावरचा तो साळसूद तिला साधा वाटेना.

दुसऱ्या दिवशी तो पुन्हा आला. मग तिसऱ्या. तेच तिकीट, तोच बाक. एकदा तिकीट घेताना त्याने पाण्याची बाटली पुढे केली.

"घ्या ना. ऊन फार आहे."

"ड्यूटीवर मी पाणी पीत नाही."

"दिवसभर?"

"तुम्ही तिकिटं तपासता की घसे?"

"मी… मी काहीच तपासत नाही." त्याच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या.

"काहीच न तपासणारा माणूस रोज खांब बघायला जात नाही."

त्याने जरा विचार केला. "खांब चांगला आहे पण," तो म्हणाला.

तिला हसू आलं. ते तिने मागच्या दाराशी जाऊन, त्याच्याकडे पाठ करून उरकलं. माणूस हसवतोय — म्हणजे जास्तच जपून राहायला हवं.

मग तिचे दिवस आले. वळण आलं, इंजिन तापलं. मामा बॉनेट उघडून उभे राहतात न राहतात, तोच साळसूद बाह्या सरसावून खाली उतरला.

"मी पाणी आणतो."

"अहो, तुम्ही कशाला? बसा तुम्ही."

पण तो मावशींच्या दारापर्यंत पोचलाही होता. शिट्टी बाहेर येत होती. दोघं उंबऱ्यावर समोरासमोर.

"मावशींना… एक निरोप द्यायचा होता," ती म्हणाली.

"हो हो. मला बादली हवी होती."

भरलेली बादली घेऊन तो बॉनेटशी गेला. मामा ओरडले, "लांब राहा, तोंडावर वाफ येईल!" तो आज्ञाधारकपणे लांब उभा राहिला, बादली दोन्ही हातांत धरून. बस सुरू झाल्यावर मामा पुटपुटले, "चेकर असेल तर फार मुरलेला आहे बाबा. आणि नसेल तर फारच भोळा."

आठवड्याभरात त्यांची गाडी वर्कशॉपमध्ये गेली आणि हातात कोरी करकरीत गाडी आली. फोरमन म्हणाला, "एका प्रवाशाने तक्रार केली तुमच्या इंजिनाबद्दल. नशीबवान आहात."

नवी गाडी! तिचं इंजिन तापलं म्हटलं, तर शेंबडं पोरही विश्वास ठेवणार नव्हतं.

"तक्रार तुम्हीच केली ना?" तिने त्याच्या बाकाशी जाऊन विचारलं.

"हो. मिळाली ना गाडी?" त्याचा चेहरा उजळला होता. "उन्हात तुम्हाला ताटकळावं लागायचं… मला बघवेना."

ती त्याच्याकडे बघतच राहिली. इतका आनंद खोटा असू शकतो का? असू शकतो, तिने स्वतःला बजावलं. गोड बोलून कापलेला गळा लवकर कळत नाही.

पुढच्या महिन्यात इंजिन तापलं नाही. ती मागच्या दाराच्या दांड्याला पाठ लावून उभी होती. पिशवी मागे ओढून घेतली होती. पोटात कळा येत होत्या, आणि मागे वळून प्रवाशांना पाठ दाखवायची सोय उरली नव्हती. तो उठून जवळ आला.

"बरं नाही का?"

"जागेवर बसा."

तो बसला. पण तिच्या तोंडाकडे, पिशवीकडे, पुन्हा तोंडाकडे बघत राहिला… आणि एकदम त्याच्या हातातली बाटली गुडघ्यावर आपटली. वळण जवळ आलं होतं. तो उभा राहिला आणि त्याने घंटीची दोरी ओढली.

"मला कसंतरी होतंय," तो म्हणाला. "उतरू द्या. जरा."

मावशींच्या भिंतीला टेकून तो खाली बसला आणि त्याने डोकं गुडघ्यांत घातलं. आजारी प्रवाशासाठी बस थांबवणं नियमात बसत होतं. एक आजीबाई पदराने त्याला वारा घालू लागल्या. "पोटात काही नसेल मेल्याच्या," त्या म्हणाल्या.

शिट्टी त्याच्यापुढे उभी राहिली. डोकं वर न करता तो हळूच म्हणाला, "जा ना. मी काही एवढ्यात बरा होत नाही."

शेवटच्या थांब्यावर बस रिकामी झाली. मामा समजून उमजून लांब फिरायला गेले.

"तुम्हाला कसं कळलं?"

"मला तीन बहिणी आहेत." त्याने चष्मा काढला. "तरी आपण केलेली तक्रार किती वाईट होती, हे कळायला मला महिना लागला."

"कोण आहात तुम्ही?"

तो आरोग्य खात्यातला होता. बस चालवणाऱ्या खात्यातल्या बायकांसाठी मार्गावर संडास, पाणी, बसायला खोली हवी का, हे ठरवणारं धोरण होणार होतं. सर्वेक्षण त्याच्याकडे होतं. डेपोडेपोतून साहेबांच्या समोर बायकांना विचारलं गेलं. सगळीकडून एकच उत्तर आलं: अडचण नाही.

"साहेबासमोर कोण सांगेल?" ती म्हणाली.

"म्हणून स्वतः बघायला निघालो. पण माझं सांगणं ऐकीव धरतील. पुढच्या आठवड्यात बैठक आहे. कुणी एकीनेच उभं राहून सांगितलं, तरच…"

"म्हणजे मीच तोंडाने कबूल करायचं, की आम्ही बस खोटं सांगून थांबवतो. वा! चेकरचंही काम तुम्ही स्वस्तात केलंत."

"हा सापळा नाही."

"कशावरून?"

त्याने चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. "मला नाही सांगता येत कशावरून," तो म्हणाला.

हे उत्तर तिला घरी जाईपर्यंत छळत राहिलं. लबाड माणसाकडे काहीतरी छान उत्तर तयार असतं. पण ज्याला हे ठाऊक आहे, असाही एखादा लबाड असेलच ना?

मामांना तिने विचारलं, तेव्हा ते स्टिअरिंग पुसत म्हणाले, "सांगून टाक, पोरी. माझं काय करतील? आरसा काढून घेतील?" पण पुसता पुसता त्यांचा हात थांबला, हे तिने पाहिलं.

बैठकीच्या खोलीत लांब टेबल होतं आणि प्रत्येकापुढे पाण्याचा ग्लास. ते बघूनच तिला काय बोलायचं ते सुचलं.

"तुमच्यापुढे पाणी आहे," ती म्हणाली. "आम्ही ते दिवसभर पीत नाही. कारण मग जायचं कुठे?" आणि मग तिने सांगितलं. थोरलीचा ताप, सकाळचं पॅड, डाग पडू नये म्हणून दांड्याला लावलेली पाठ, वळणावरचं दार. वाहतूक साहेब पेनाचं टोपण उघडत होते, लावत होते.

"बस थांबवणारा ड्रायव्हर कोण?"

"बस मी थांबवते. घंटी माझ्या हातात असते."

"ड्रायव्हरचं नाव विचारतोय मी."

"एकदा मीसुद्धा थांबवली आहे," टेबलाच्या टोकाकडून आवाज आला. साळसूद उभा होता, कान लाल. "आजाराचं सोंग करून. कारवाई करायची तर माझ्यापासून सुरुवात करा. मी तुमच्याच सरकारचा माणूस आहे."

टोपण लागलं. पुन्हा उघडलं नाही.

निर्णय झाला. वळणावर अधिकृत थांबा आणि शेजारच्या रिकाम्या जागेत खोली: पाणी, आतून कडी, झाकणाचा डबा. आधी एकाच मार्गावर, चाचणी म्हणून. आणि शिट्टीला एक मेमो. मामांचं नाव कुठेच आलं नाही.

पायऱ्यांवर तो तिची वाट बघत उभा होता.

"मेमोचं उत्तर लिहायला मदत करू?"

"नको. तुम्ही मदत केली की माझी गाडीच बदलते."

तो हसला. मग चुळबुळला. "सर्वेक्षण संपलं. आता त्या बसने यायचं मला… काही कारण उरलं नाही."

"एक विचारू? मार्ग इतके होते. रोज माझीच बस का?"

त्याने चष्म्याला हात घातला. तिने तो हात मध्येच धरला. "आता पुसू नका. बोला."

"ते… कामात नव्हतं."

"मग कशात होतं?"

"सांगितलं तर विश्वास ठेवाल?"

"लगेच नाही," ती म्हणाली. हात मात्र सोडला नाही. "उद्या दुपारची ड्यूटी आहे. परवाही. या. बघू विश्वास बसतो का ते."

"आणि फार दिवस लागले तर?"

तिने त्याच्याकडे नीट पाहिलं, पहिल्या दिवशी पाहिलं होतं तितक्याच संशयाने.

"तर मग पास काढून ठेवा," ती म्हणाली.