पाचवी उडी

शुक्रवार म्हणजे वॅफलचा दिवस. ऑपरेशन थिएटरशेजारच्या खोलीत सकाळीच साच्याला लोणी लागायचं आणि त्या वासाने भूल उतरत असलेले रोगीसुद्धा नाक फुलवायचे. बाहेर बंदरावर सकाळी अकरा वाजताही दिवे जळत होते, कारण इतक्या उत्तरेला डिसेंबरात सूर्य तोंडच दाखवत नाही.

भूलतज्ज्ञ टोरुन महिनाभर एका तुलनेच्या मागे लागली होती. शस्त्रक्रियेसाठी रोग्याचे स्नायू औषधाने लुळे करतात. शेवटी ते पुन्हा चालते करायला दोन औषधं होती: जुनं निओस्टिग्मिन आणि नवं सुगामाडेक्स. एकूण चाळीस रोगी घ्यायचे. कुणाला कोणतं द्यायचं ते चिठ्ठ्या टाकून ठरवलेलं, आणि सिरिंजला कागद गुंडाळलेला, म्हणजे खुद्द टोरुनलाही कळू नये.

"न कळायला काय झालं?" परिचारक एवाल्ड म्हणायचा. "दोन मिनिटांत आला वळणावर, तर नवं. नाहीतर जुनं. ते आमच्या सासऱ्यांसारखं, हाक मारली की अर्ध्या तासाने कूस बदलणार!"

मोजणी अंगठ्यावर व्हायची. मनगटाला विजेचे चार हलके झटके दिले की अंगठा चारदा उडतो. चौथी उडी पहिलीच्या नव्वद टक्के भरली की मगच श्वासासाठी घशात घातलेली नळी काढायची. घाईने काढली तर माणूस जागा असतो, त्याला सगळं कळत असतं, पण श्वास ओढायला बळ नसतं.

टोरुनला हे नुसतं पुस्तकातून ठाऊक नव्हतं. गेल्या वर्षी स्वेरे नावाच्या म्हाताऱ्या कोळ्याची नळी तिने न मोजताच काढली होती. पुढचा रोगी खोळंबला होता, एवढंच कारण. अर्ध्या तासात स्वेरे उघड्या डोळ्यांनी गेला. त्याच्या कागदावर तिने 'नव्वद' लिहून टाकलं. ते तिला अजून टोचत होतं आणि सांगायची हिंमत होत नव्हती.

बाराव्या रोग्याचा अंगठा पाच वेळा उडाला.

"यंत्राने तर चारच दिले," एवाल्ड पडद्याकडे बघत म्हणाला.

"वायर ढिली असेल."

वायर बदलली, मग यंत्र बदललं. तेराव्याला, सतराव्याला, पुढे रोज कुणा ना कुणाला ती पाचवी उडी दिसू लागली. टोरुनने अंगठ्याच्या हालचालीचा आलेख कागदावर काढला आणि पट्टी घेऊन बसली. पाचवी उडी पहिलीच्या साठ टक्के होती. दुसऱ्या रोग्यात साठ, तिसऱ्यातही साठच. चौथी उडी औषधाने वर चढायची, कुणाची झपाट्याने, कुणाची रखडत. पाचवी जागची हलत नव्हती, जणू ती त्या रोग्याची नव्हतीच. तिच्यापुढे दोन्ही औषधं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

एवाल्डने सासऱ्यांचा विनोद सोडून दिला.

चाळिसावी रोगी होती गुडवेग, स्वेरेची बायको. पित्ताशयात खडे झाले होते. यादीतलं नाव टोरुनने दोनदा वाचलं.

टेबलावर पडल्या पडल्या गुडवेगने तिचा हात धरला.

"पोरी, आमच्या म्हाताऱ्याची नळी काढताना मोजलं होतंस ना?"

"हो," टोरुन म्हणाली. "नव्वद होतं."

"म्हणजे गुदमरला नसेल."

"नाही."

"बरं झालं बाई. वर्षभर तेवढंच विचारायचं होतं."

टोरुनला स्वतःची किळस आली. खरं काय ते सांगायला तिने तोंड उघडलं, तोवर भुलीने गुडवेगचे डोळे मिटले होते.

शस्त्रक्रिया सुरळीत झाली. टोरुनने सिरिंज रिकामी केली. दोन मिनिटांत अंगठा चारदा उडाला, चारही उड्या सारख्या. सगळे पाचवीची वाट बघत राहिले.

ती आली नाही.

पुन्हा मोजलं. चारच.

"सुटलो एकदाचे," एवाल्ड पुटपुटला.

नळी काढली. गुडवेगने खोल श्वास घेतला. तिला बाहेरच्या खोलीत नेलं तेव्हा टोरुन मागोमाग गेली. आता बोलायचंच, असं तिने ठरवलं होतं.

"गुडवेग, श्वास नीट येतोय ना?"

"मला येतोय."

"मी मघाशी खोटं बोलले. स्वेरेचं मी मोजलं नव्हतं."

म्हातारीला नवल वाटलेलं दिसलं नाही.

"मला कशाला सांगतेस?" ती म्हणाली.

मग पोटाचे टाके सांभाळत ती त्या अरुंद पलंगावर सावकाश कडेला सरकली. पन्नास वर्षं दोघांच्या पलंगावर निजलेली बाई सरकते तशी.

उशीचा मोकळा अर्धा भाग क्षणभर फुगलेला राहिला. मग तो मधोमध खाली दबला.