सात नंबर बोलत नाही

"रस्ता बंद आहे," अमिराम म्हणाला आणि त्यानं पावाचा तुकडा आमटीत बुडवला. "ओफाकिमकडे लष्कराच्या गाड्या चालल्यात. जेवण झालं की आपण थेट पेताह तिक्वाला मुक्कामी जाऊ."

बारा मुलांचे हात ताटातच थांबले.

मुंबईहून इस्रायलला आलेल्या ज्यू शाळेच्या सहलीची पंगत अश्केलोनला, तिथं स्थायिक झालेल्या लेआमावशींच्या अंगणात बसली होती. अमिराम हा सहलीचा इथला, मराठी जाणणारा गाईड. उद्या पहाटे परतीचं विमान, म्हणजे ओफाकिम आज नाही तर नाहीच. आणि ओफाकिमला मल्काची मझलआजी सकाळपासून उपाशी बसली होती.

आजी पासष्ट साली इस्रायलला आली तेव्हा मल्का वर्षाची होती. नात दारात उभी राहिली की एलियाहू हन्नाबी या प्रेषिताच्या नावानं पोह्यांचा मलिदा करीन, असा नवस आजीनं तेव्हाच केला होता. आता मल्का बारा वर्षांची झाली होती, आणि आज तो नवस फिटायचा होता. आजीनं पत्रात लिहिलं होतं, "नारळ, गूळ, पाच फळं, सगळं मी मांडून ठेवते. पोहे तेवढे आपल्या नवगावचे आण. तू येईस्तोवर मी पाणीसुद्धा घ्यायची नाही." नवगावच्या पोह्यांची ती पिशवी मल्का मुंबईपासून छातीशी धरून होती.

"बाई, आजीला कळवायचं कसं?" मल्कानं विचारलं. "तिच्याकडे फोन नाही."

सिपोराबाईंनी चष्मा काढून पुसला. त्या शाळेत कडक होत्या, पण परक्या मुलखात जरा बिचकून असत. "बाळ, ते इथले. त्यांना ठाऊक. आपण पाहुणे."

मल्काच्या शेजारी बसलेला जोनाथन तिच्या कानाशी लागला. "लष्कर अडवतंय म्हणतो, आणि तो शर्ट बघितलास का? आपल्या बसमध्ये ड्रायव्हरमागच्या खुंटीवर सकाळपासून टांगलाय. पांढरा, कडक इस्त्रीचा. खाली कागदात बूट, पॉलिश केलेले. गाईड एवढे नटून मुलांना झोपवायला जातात होय?"

"श्तुयोत," समोरून योराम म्हणाला. योराम लेआमावशींचा मुलगा. त्याला मराठी सगळं कळे, पण उत्तर हिब्रूतच येई. मल्का नुसती बघत राहिली, तेव्हा तो नाइलाजानं मराठीत आला. "म्हणजे खोटं. रस्ता लो बंद, नाही बंद. ओफाकिमची बस आत्ता येईल. स्टँड तिथंच, कोपऱ्यावर."

"बाई, योराम आम्हाला बर्फाची कांडी देतो म्हणतोय," जोनाथन मोठ्यानं म्हणाला. "कोपऱ्यावर जाऊन दहा मिनिटांत येतो."

"जोडीनं जायचं, जोडीनं यायचं," बाई म्हणाल्या.

स्टँडवर खरोखरच धुळीनं माखलेली बस येऊन लागली. योरामनं ड्रायव्हरला हिब्रूत विचारलं. ड्रायव्हर हसला, बोटानं मागचा रस्ता दाखवला आणि खांदे उडवले.

"म्हणतो, वाटेत एक गाढव आडवं आलं," योरामनं सांगितलं. "लष्कर नाही."

"त्या गाढवाला गणवेश होता का, विचार," जोनाथन म्हणाला.

मल्कानं उतरणाऱ्या एका बाईंकडे तिकीट मागितलं. त्यावर ओफाकिमचं नाव होतं आणि आजची तारीख. कांडी घ्यायची तिघंही विसरली.

परत येऊन मल्कानं ते तिकीट सिपोराबाईंच्या हातात ठेवलं. बाईंनी ते अमिरामला दाखवलं. त्यानं बघितल्यासारखं केलं. "ती बस आधीची. रस्ता त्यानंतर बंद झाला. चला, चला, उशीर होतोय."

बाई घुटमळल्या. मग म्हणाल्या, "बसमध्ये बसा."

सगळे बसले. आता नंबर. ही बाईंची पद्धत, येताना विमान बदललं त्या तेहरानच्या विमानतळापासूनची. तिथं त्यांनी डोकी मोजली होती आणि बारा बरोबर भरली होती, पण त्यातलं एक डोकं कुणा भलत्याच कुटुंबातलं निघालं. जोनाथन तेवढा वेळ बाथरूममध्ये अडकून दार बडवत होता. तेव्हापासून बाईंनी नियम केला: ज्याचा नंबर त्यानंच बोलायचा, आणि बारा आवाज आल्याशिवाय बस जागची हलायची नाही.

"एक."

"दोन."

"तीन."

सहापर्यंत आलं आणि थांबलं.

"सात," बाई म्हणाल्या.

मल्का पिशवी धरून ताठ बसली होती. ओठ घट्ट मिटलेले.

"मल्का, सात."

अमिराम पुढून ओरडला, "अहो, ही काय समोर बसलीय. ड्रायव्हर, निघा."

"थांबा," बाई म्हणाल्या. "मी डोळ्यांनी मोजत नाही."

मल्का उठून उभी राहिली. "बाई, सात नंबर ओफाकिमला आहे. बस तिथं गेली की बोलेल."

"आठ नंबरही तिकडंच गेलाय," जोनाथन म्हणाला. "तो आजींच्या पायरीवर बसलाय, त्यांना एकटं वाटू नये म्हणून."

मागून आणखी कुणी बोललं नाही. नऊ नाही, दहा नाही. बसमध्ये फक्त इंजिनाची घरघर.

सिपोराबाईंनी मल्काकडे बघितलं, मग तिकिटाकडे, मग खुंटीकडे. "अमिराम, हा शर्ट कुणाचा?"

त्याचे कान लाल झाले. "माझ्या मित्राचं लग्न आहे," तो हळूच म्हणाला. "आज सातला. पेताह तिक्वाला."

"मग तसं सांगायचं होतं. लग्नाला कुणी अडवलं नसतं." बाईंनी चष्मा घातला. "ही बारा मुलं मी त्यांच्या आईबापांकडून कागदावर सही करून आणलीत. कुठं न्यायचं तेही त्यात लिहिलंय. तुमच्या शर्टासाठी मी एका म्हातारीचा नवस मोडायची नाही. स्टँडवरून बस पकडा आणि लग्नाला जा. आमची बस ओफाकिमला जाईल."

ड्रायव्हरनं आपणहून इंजिन बंद केलं, खुंटीवरचा शर्ट काढला आणि अमिरामच्या हातात दिला.

उतरताना अमिराम मल्कापाशी थांबला. "माझं चुकलं," तो म्हणाला. "तू इथं राहायला ये. इथल्या लष्करात मुलीही असतात, त्यांना अशी हवीच आहे."

"आधी त्या लष्कराला गाढव हटवायला शिकवा," जोनाथन म्हणाला.

वाळूच्या रंगाची घरं दिसली तेव्हा ऊन उतरलं होतं. आजी पायरीवरच होती. पांढरं पातळ, सुकलेले ओठ, मांडीवर रिकामं ताट. बस थांबली तरी ती उठली नाही. इतक्या मुलांमधून आपली कुठली, हे तिला कळेना.

सिपोराबाई खाली उतरल्या आणि बसच्या दाराशीच उभ्या राहिल्या. "एक," त्यांनी सुरुवात केली. मुलं एकेक उतरत नंबर बोलू लागली. चार. पाच. सहा.

मल्का पायरीशी आली. पिशवी तिनं आजीच्या ताटात ठेवली.

"सात," ती म्हणाली.

आजीनं तिचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि किती तरी वेळ सोडला नाही. मग पोहे भिजले, प्रार्थना झाली, आणि मलिद्याची पहिली मूठ आजीनं बाईंपुढे धरली. "माझी नात आणलीत, बाई."

बाईंनी ती मूठ मल्काकडे वळवली. "हिला द्या. नियम केला मी, पण पाळला हिनं."