शेंड्याकडून

गुंडू सुताराचं ते टेबल म्हणजे मुळात गोठ्याचं जुनं दार, चार खुंटांवर आडवं टाकलेलं. मधोमध भोक पाडून त्यानं खालून पिठाच्या गिरणीची जुनी मोटर बांधली आणि भोकातून वर आलेल्या दांड्याला कानशीच्या पोलादाचं पातं बसवलं. बाजूला एक सरळ रूळ ठोकला. रुळाला धरून लाकडाची पट्टी सरकवायची. एका कडेला खोबण, दुसऱ्या कडेला गोलाई. खोबणीत गोलाई बसली की पाण्याला वाट नाही. हातरंध्यानं दोनशे पट्ट्यांना तीन महिने लागले असते. गुंडूकडं तीन आठवडे होते.

त्रेपन्न सालचा वैशाख. पंचगंगेपल्याड दिलेली त्याची लेक बया सातव्या महिन्यात होती, पहिलटकरीण. माणसं पल्याड नेणारी तरीची नाव कुजून बुडालेली. पुलाकडून बैलगाडीनं आणायचं तर खाचखळग्यांत पोर हेलपाटून जायची. नदी भरायच्या आत नवी नाव पाण्यात पडली, तरच ती माहेरी बाळंत होणार होती.

लाकूड जांभळाचं. बूड, म्हणजे झाडाच्या मुळाकडचं टोक, पुढं घातलं की पातं पट्टी मागं भिरकावून देई. शेंडा पुढं घातला की ती लोण्यागत सरके. गुंडूनं सगळ्या पट्ट्या शेंड्याकडून घातल्या.

शेजारी ओतकामाचे साचे करणारा बाळाप्पा दारात येऊन उभा राहिला.

"उलटं घालतोस व्हय? आमचा म्हातारा उलटा खांब रोवलेल्या घरचं पाणी पीत नव्हता."

"खांब न्हवं, पट्टी हाय. हिला कुठलं आलंय डोकं नि पाय?"

"मला काय इचारतोस? तिला इचार की."

कीस ओलसर निघत होता. बोटांना तुपकट चिकटायचा. लाकूड पुरतं वाळलं नसावं, गुंडूनं मनाशी ठरवलं. त्याच्या बायकोनं, तानाबाईनं, तो न्हाणीच्या बंबात घातला, तर घरभर खूर जळल्याचा वास सुटला. अंघोळीच्या पाण्यावर चरबीची साय धरली.

"अवं, त्या लाकडात कायतरी मेलंय," ती म्हणाली, आणि पाणी मोरीत ओतलं.

तिसऱ्या दिवशी पट्ट्यांवर तंतू उभे राहिले. उलट्या रेषेनं लाकूड तासलं की तंतू उठतात, हे कुठल्याही सुताराला ठाऊक. पण हे मऊ होते, वासराच्या कानामागच्या लवेसारखे. काचपेपरनं घासले, सकाळी पुन्हा आलेले. घासताना पट्टी शहारली. गुंडूला शिसारी आली. राखेनं कोपरापर्यंत हात धुऊनही भाकरीला तो वास येई. तीन दिवस त्यानं नुसतं ताक पिऊन काढले, पण मोटर बंद केली नाही.

नाव उभी राहिली. पट्ट्या वाकवाव्या लागल्या नाहीत, वाकल्या. खिळा मारला की भोवती पांढरट पाणी सुटायचं. डांबर भरायला गेला, तर सांधे सापडेनात. खपली धरून जखम मिटावी तसे ते मिटले होते.

जेठात तो बयाला आणायला गेला. आभाळ चार दिवस झाकलेलं होतं.

परतताना नदीच्या मध्यावर आल्यावर बयानं दोन्ही बाजूंच्या फळ्यांवर हात ठेवले.

"आबा, ही ऊन लागतीया."

"उन्हात पडली हुती," गुंडू म्हणाला आणि वल्हं जोरात मारू लागला.

काठावर तानाबाई उभी होती. तिनं हात पुढं केला.

बया उठली नाही.

"काय गं?"

"ह्यो हलत न्हाय." तिचा तळवा पोटावर होता. "नावंत बसताना लाथा मारत हुता. मघाधरनं न्हाय."

नाव डुलू नये म्हणून गुंडूनं तिच्याशेजारच्या फळीवर हात टेकला.

फळीच्या आतून, त्याच्या तळव्याला, एक बारकी टाच लागली.