ओरिएताईंचं स्टूल

विश्वास ठेवायचा तर ठेवा. हे माझ्या धाकट्या जावेवर, चिझुरूवर गुदरलंय. ती बाई खोटं बोलणाऱ्यातली नाही. साधं सार खारट झालं तरी तिला लपवता येत नाही.

भुताच्या गोष्टीला रात्र लागते म्हणतात. ही भर दुपारची आहे.

नोव्हेंबर होता. आमच्या किनाऱ्यावर बर्फ पडायच्या आधी आभाळ गडगडतं, तसं गडगडत होतं. विद्यापीठाच्या तळघरातल्या प्रयोगशाळेत चिझुरू एकटीच.

म्हातारपणी माणूस विसरायला का लागतो, ते तिथे उंदरांवर शोधतात. मोठा गोल हौद. दुधासारखं पांढरं केलेलं पाणी. पाण्याखाली, न दिसणारी, एक काचेची बैठक. म्हातारा उंदीर पाण्यात सोडायचा. औषध लागू पडलं असेल तर त्याला जागा आठवते आणि तो सरळ बैठकीकडे पोहतो.

हे काम वर्षानुवर्षं ओरिएताईंनी केलं. हौदाच्या कडेला स्टुलावर बसायच्या, मांडीवर टॉवेलाची घडी. उंदीर दमला की उचलून पुसायच्या.

"या आजोबा, झाली का अंघोळ?"

चिझुरूला सगळं त्यांनीच शिकवलं. वसंतात त्या कॅन्सरनं गेल्या. प्रयोगशाळेचे प्रमुख काशिवागी सर; त्यांनी दवाखान्यात ओरिएताईंचा हात हातात घेऊन शब्द दिला होता, "शोधनिबंधावर पहिलं नाव तुमचंच."

चिझुरू शेजारीच उभी होती.

आणि त्या दुपारी सर दारातूनच म्हणाले, "पहिलं नाव तुझं घालतोय."

"सर, पण ओरिएताई..."

"मेलेल्या माणसाला कायमची नोकरी देता येत नाही, चिझुरू. तुला देता येते."

तिनं मान खाली घातली. आमच्यात वरिष्ठांना तोंडावर 'नाही' म्हणत नाहीत. मान खाली घालतात, गप्प राहतात. समजणाऱ्यानं समजायचं असतं.

सरांनी तो होकार धरला.

ते गेल्यावर तिनं पहिला उंदीर पाण्यात सोडला.

तो बैठकीकडे गेलाच नाही...

रिकाम्या स्टुलाकडे गेला. हौदाच्या भिंतीला पुढचे पाय टेकून वर बघत राहिला.

दुसराही तसाच.

तिसराही.

"सवय असेल," ती स्वतःशीच म्हणाली. मग तिनं उन्हाळ्यात जन्मलेले उंदीर आणले. त्यांनी ओरिएताईंना कधी पाहिलंच नव्हतं.

तेही... स्टुलाकडे.

तिनं स्टूल उचलून समोरच्या बाजूला ठेवलं.

उंदीर समोर वळले.

तिनं सरांना बोलावलं.

"लाकडाला वास असेल. शास्त्रज्ञ आहेस की देवळातली म्हातारी?" सर हसले आणि ऐटीत स्टुलावर बसले. "हं, सोड."

उंदीर सरळ त्यांच्याकडे निघाला. जवळ आला. अगदी जवळ...

सरांचं हसू मावळलं.

"हा टॉवेल कुणी ठेवला?"

"कुठला टॉवेल, सर?"

मांडीवर काहीच नव्हतं. पण पॅन्टवर ओला डाग पसरत होता. हसू नका, आधी तिलाही तेच वाटलं.

पण त्या डागाला चार कोपरे होते...

सर उठले आणि निघून गेले. चिझुरूला वाटलं, आता तरी नाव बदलतील.

नाही बदललं. निबंध छापून आला. ओरिएताई अगदी शेवटी, आभारात. नावाआधी 'दिवंगत' लावून.

चिझुरूला कायमची नोकरी देऊ केली. तिनं ती घेतली.

"वहिनी, मी हो म्हटलंच नव्हतं," ती मला सांगते. येते तेव्हा दर वेळी सांगते. मी तिच्या कपात चहा ओतते.

स्टुलाकडे आता एकही उंदीर फिरकत नाही. बैठकीवर जाऊन शहाण्यासारखे बसतात. फक्त हिनं उचलायला हात पुढे केला, की...

परत पाण्यात. थेट हौदाच्या पार टोकाला. बुडायला आले तरी तिच्या हाताशी येत नाहीत. जाळीनं काढावे लागतात. तिनं ड्रॉपरनं दूध पाजून जगवलेले सुद्धा.

"ओरिएताई माझ्यासमोर उभ्या राहिल्या असत्या, तर मी पाया पडले असते," परवा म्हणाली. "पण त्या तर निघूनच गेल्या, वहिनी. जाताना या मुक्या जिवांना माझ्याबद्दल काय सांगून गेल्या?"