प्रोबच्या कपाळी कुंकू

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी चंपा रुसून बसली. चंपा म्हणजे शिरोलीच्या कारखान्यातलं बेबीआत्याचं बोलकं यंत्र. धातूच्या ठोकळ्यातून ते हवा तो आकार कोरून काढायचं. आज कोरायचा होता शलाकाचा नवा गुडघा.

शलाकाचा उजवा पाय कृत्रिम होता. पोरगी भराभर उंच झाली आणि जुना पाय तोकडा पडला. टायटॅनियमचा ठोकळा एकच होता. तो वाया गेला तर दुसरा दिवाळीनंतर येणार आणि तोवर शाळेचा खो-खोचा संघ निवडून झालेला असणार!

“निरोप नाही, तर मी हलणार नाही,” चंपाने पुन्हा बजावलं.

“कुणाचा गं निरोप, आत्या?” शलाकाने विचारलं.

आत्याने यंत्रात वरून लटकणारा प्रोब (टेकून मोजणारं उपकरण) दाखवला. त्याच्या सळईच्या टोकाला माणकाचा इवलासा मणी होता. “अंधारात आपण हातानं भिंत चाचपतो का नाही? तसंच हे. मणी ठोकळ्याला टेकला की प्रोब कळवतो, ‘टेकलो!’ चंपा ती जागा टिपून ठेवते. चहूबाजूंनी टेकून झालं की ठोकळा नेमका कुठं बसलाय ते तिला कळतं. मगच कापायचं.”

“पण याला तार कुठाय?”

“अवरक्त किरणांनी (डोळ्यांना न दिसणाऱ्या प्रकाशानं) बोलतोय तो, टीव्हीच्या रिमोटसारखा. एरवी बॅटरी वाचवायला झोपलेला असतो. समोरच्या भिंतीवरच्या डोळ्यानं हाक मारली की उठतो. आज उठंनाच बघ. सेल पण नवा घातलाय.”

“मग अंदाजानं काप ना!” शलाका रडायच्या बेतात होती.

“अजिबात नाही. केसभर चुकलं तर पळताना तुझ्याच पायाला बोचंल.”

शलाका हट्टी होती, पण डोक्याने तल्लख. रिमोटचा न दिसणारा प्रकाश कॅमेऱ्यात दिसतो, हे तिने शाळेत पाहिलं होतं. तिने मनगटावरच्या घड्याळाचा कॅमेरा भिंतीकडे धरला. तिथला डोळा जांभळा लुकलुकत होता. म्हणजे हाक चालू होती! मग प्रोबला ती ऐकू का येत नव्हती?

तिने प्रोबकडे निरखून पाहिलं. खंडेनवमीला अवजारांची पूजा करताना तिनेच मोठ्या मायेने त्याला हळदीकुंकवाचा जाड पट्टा ओढला होता, तोही गोल, चारी बाजूंनी. जिला ती कपाळ समजली, ती काळी काच म्हणजे त्याची खिडकी होती. प्रकाश आत जाईना की बाहेर येईना.

“आत्या, मीच गं...”

आत्या खो खो हसली. “देवाच्या पण डोळ्यात कुंकू घातलं, तर तो बघंल कसा? आण ते मऊ फडकं.”

काच लख्ख झाली. प्रोबवर हिरवा दिवा लागला. मणी हळूच ठोकळ्याला टेकला. टिक!

“निरोप आला!” चंपा म्हणाली आणि तिचा रुसवा पळाला.

संध्याकाळी चकचकीत गुडघा शलाकाच्या तळहातावर होता. अजून तो कोमट होता. तिला तो खाली ठेववेना.

“पुढच्या खंडेनवमीला कुंकू कुठं लावशील गं?” आत्याने चिडवलं.

“चंपाच्या दारावर,” शलाका म्हणाली. “आणि घरापासून पळत येऊन लावीन.”