एक्केचाळीस जणांनी नेलेला सिनेमा

"आधी पोहायला, मग सायकली," भोंगा बहिणीला, मुंगीला, सुट्टीचा बेत सांगत होता. तेवढ्यात मामा ओरडला, "कॉम्प्युटरला कुणी हात लावला?"

कुणीच लावला नव्हता. मामाच्या रक्ततपासणीच्या लॅबमधल्या कॉम्प्युटरचा पडदा लालभडक झाला होता. त्यावर मजकूर होता : तुमच्या सगळ्या फायलींना कुलूप लावलंय, किल्ली हवी तर पैसे पाठवा.

वरच्या मजल्यावरच्या हॉस्पिटलातून डॉक्टरबाई खाली आल्या. "त्या तापाच्या पोरीचे चारही दिवसांचे प्लेटलेटचे आकडे द्या. भराभर उतरत असतील तर तिला आत्ताच मोठ्या हॉस्पिटलात हलवायला हवं."

पोर चार वर्षांची होती. मामाने मान खाली घातली. "वीज गेली होती बाई, त्यात बिघडला."

मुंगीने वर पाहिलं. पंखा सकाळपासून गरगरत होता. तिने लाल चौकट बाजूला सारली. मागे एक सिनेमा उतरवलेला दिसत होता.

"मामा, हा कुठून आला?"

"लोक एकमेकांच्या कॉम्प्युटरवरून घेतात गं. आपण घ्यायचं, मग आपल्याकडून दुसरे नेतात."

"दोन तासांचा सिनेमा एका फोटोएवढ्या जागेत मावला?"

"मुंग्यांचा असेल," भोंगा म्हणाला. कुणी हसलं नाही.

"उघडताना धोक्याची सूचना आली नाही?"

"रोजच येते. मी 'हो' दाबतो."

भोंग्याने कुणी न सांगता इंटरनेटची वायर उपटली. मुंगी मात्र कोपऱ्यातल्या मशीनकडे बघत होती.

"मामा, आकडे कोण काढतं? कॉम्प्युटर की ते मशीन?"

मामा मशीनकडे वळला. मशीनला स्वतःचा छोटा पडदा होता, पण आकडे आयते कॉम्प्युटरवर यायचे, म्हणून सहा वर्षांत त्याने तो कधी वाचलाच नव्हता. त्याने बटण दाबलं. जुने आकडे होते, पण नावं नव्हती, नुसते नंबर. भोंग्याने लॅबच्या नोंदवहीतून पोरीचे नंबर शोधून वाचले, मुंगीने समोरचे आकडे लिहून घेतले. एक लाख दहा हजार. नव्वद हजार. साठ. आज, पस्तीस.

कागद घेऊन डॉक्टरबाई जिन्याकडे धावल्या.

संध्याकाळी त्या परत आल्या. "वेळेवर पोचली. अजून धोका आहे, पण उद्यावर टाकलं असतं तर..." त्यांनी दोघांच्या पाठीवर हात ठेवला. "शाबास रे पोरांनो."

"वीज गेली नव्हती, बाई," मामा हळूच म्हणाला. "चूक माझी आहे."

मुंगीचं लक्ष पडद्यावर होतं. सिनेमाच्या नावापुढे लिहिलं होतं : तुमच्याकडून नेणारे, ४१.

"यांच्यात कुणी लॅबवाला असेल तर?"

मामाने मोबाइल काढला. सिनेमा जिथून उतरवला होता त्या पानावर तो एकेक अक्षर टाइप करू लागला : हा सिनेमा नाही. उघडू नका. माझी लॅब बंद पडली.

"वाचतील?" भोंग्याने विचारलं.

"मी वाचलं नसतं," मामा म्हणाला, आणि त्याने ते पाठवलं.